विश्लेषण : ‘ज्याचे त्याचे सत्य’ सी. एस. लुईस यांना का पटले नाही?

सत्य असे काही नसते, प्रत्येकाचे आपापले सत्य असते, हे विधान आता चहाच्या टपरीवरच्या गप्पांपासून वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत कुठेही ऐकू येते. ऑक्सफर्ड डिक्शनरीने २०१६ मध्ये ‘पोस्ट-ट्रुथ’ म्हणजे सत्योत्तर हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तेव्हा हे दुखणे जणू कालपरवाचेच असावे अशी चर्चा झाली. प्रत्यक्षात ते बरेच जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ऑक्सफर्डमधल्या एका साहित्याच्या प्राध्यापकाने त्यावर नेमके बोट ठेवले होते. सी. एस. लुईस हे त्यांचे नाव. आपल्याकडे ते ‘नार्निया’च्या गोष्टींचे लेखक म्हणून माहीत असतात. सत्य एकच असते, ते आपल्या आवडीनिवडीवर ठरत नाही आणि त्याचे पूर्ण रूप ख्रिस्ती धर्मात सापडते, असे ते मानत. गंमत अशी की तरुणपणाची पंधरा-सतरा वर्षे त्यांनी याच्या बरोबर उलट बाजूने वाद घालण्यात घालवली होती. ते बदलले कसे? आणि त्यांचा युक्तिवाद कुठे टिकतो, कुठे अडतो?

लहानपणीची श्रद्धा गेली कशी?

क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी बेलफास्टमध्ये एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. वडील आल्बर्ट वकिली व्यवसायात, आई फ्लोरा गणिताची पदवीधर, तीन वर्षांनी मोठा भाऊ वॉरन हा एकमेव सवंगडी, आणि घरभर पुस्तके. ऑगस्ट १९०८ मध्ये आई कर्करोगाने गेली, तेव्हा लुईस नऊ वर्षांचे होते. ती बरी व्हावी म्हणून मुलाने देवाची करुणा भाकली होती. आईला जाऊन महिना होतो न होतो तोच त्याला समुद्रापार इंग्लंडमधल्या वसतिगृहाच्या शाळेत धाडण्यात आले. तिथले मुख्याध्यापक मुलांना बेदम मारत.

चरित्र वाचणाऱ्याला वाटते, देवावरचा विश्वास इथेच उडाला असणार. लुईस यांनी मात्र तसे सांगितलेले नाही. त्यांच्या आठवणीप्रमाणे त्या प्रार्थनेतला देव हा काम करून निघून जाणाऱ्या जादूगारासारखा होता. त्यामुळे तो आला नाही याचा धार्मिक अर्थ त्या वयात त्यांनी लावलाच नाही. विश्वास गेला तो पुढे, तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास, माल्व्हर्नच्या शाळेत. त्यामागे अनेक कारणे होती, पण एक कारण बुद्धीला लागलेल्या प्रश्नाचे होते. लॅटिन आणि ग्रीक काव्य शिकवताना ज्युपिटर, अपोलो वगैरे देव हा निव्वळ भ्रम, हे शिक्षक आणि पुस्तकांचे संपादक गृहीतच धरत. हजार धर्म खोटे आणि योगायोगाने आपण ज्या घरात जन्मलो तिथला तेवढा एक खरा, हे कसे काय? या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. ते द्यायला हवे, असे कोणाला वाटलेही नाही.

लुईस यांच्या पुढच्या पन्नास वर्षांची किल्ली या एका प्रश्नात आहे. ते नास्तिक झाले ते याच प्रश्नामुळे, आणि ख्रिस्ती झाले तेव्हा आधी याच प्रश्नाचे उत्तर त्यांना शोधावे लागले.

१९१४ मध्ये वडिलांनी मुलाला सरे परगण्यातल्या ग्रेट बुकहॅम येथे विल्यम कर्कपॅट्रिक या निवृत्त मुख्याध्यापकांकडे शिकायला ठेवले. हे गृहस्थ कट्टर नास्तिक आणि त्याहून कट्टर तर्कवादी. स्टेशनवर उतरल्यावर काहीतरी बोलायचे म्हणून मुलगा म्हणाला की सरेचा परिसर वाटला त्यापेक्षा रानवट आहे. झाले. रानवट म्हणजे नेमके काय, आणि इथे काय दिसेल अशी अपेक्षा कशाच्या आधारावर केली होती, याची उलटतपासणी तिथल्या तिथे सुरू झाली. मुलाजवळ उत्तर नव्हते. मग जे मत आधाराशिवाय आहे ते बाळगण्याचा अधिकारच नाही, हा पहिला धडा मिळाला. आपले मत आहे एवढ्यावरून ते ऐकून घेण्यालायक ठरत नाही, हे लुईस या नास्तिक गुरूकडून शिकले आणि पुढे ख्रिस्ती धर्माच्या बाजूने वापरत राहिले. गुरूंविषयीचा आदर त्यांनी कधी लपवला नाही.

युद्ध आणि ऑक्सफर्ड

पहिल्या महायुद्धात ते सॉमरसेट लाइट इन्फंट्रीत अधिकारी होते. फ्रान्समधल्या खंदकात पोहोचले तो दिवस त्यांच्या एकोणिसाव्या वाढदिवसाचा होता. एप्रिल १९१८ मध्ये आपल्याच बाजूचा एक तोफगोळा अलीकडे पडून ते जखमी झाले. पॅडी मूर हा त्यांचा मित्र त्याच वसंतात मारला गेला. दोघांपैकी एक परतला नाही तर दुसऱ्याने त्याच्या घरच्यांकडे पाहायचे, असे या दोघांत ठरले होते. लुईस यांनी पॅडीच्या आईला १९५१ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत सांभाळले. या नात्याविषयी चरित्रकारांत बरीच कुजबुज आहे. दिलेला शब्द मात्र तीस वर्षांहून अधिक काळ पाळला गेला, एवढे निर्विवाद.

युद्धानंतर ऑक्सफर्डमध्ये अभिजात भाषा, तत्त्वज्ञान आणि इंग्रजी अशा तिन्ही परीक्षांत पहिला वर्ग आणि १९२५ पासून मॉडलिन कॉलेजात अध्यापकाची जागा. या काळात ओवेन बारफिल्ड या मित्राशी त्यांचे वर्षानुवर्षे वाद चालत. जुनी कल्पना केवळ जुनी आहे म्हणून खोटी मानायची, या सवयीवर बारफिल्ड यांनी हल्ला चढवला. ती कल्पना कोणी, कधी, कोणत्या पुराव्याने खोडून काढली, की ती नुसतीच फॅशनमधून गेली, हे विचारले पाहिजे. लुईस यांच्याकडे उत्तर नव्हते. कर्कपॅट्रिक यांनी दिलेले हत्यार त्यांच्यावरच उलटले होते.

१९२९ मध्ये, त्यांच्याच सांगण्यानुसार, मॉडलिनमधल्या खोलीत त्यांनी गुडघे टेकून देव आहे हे कबूल केले, तेही अत्यंत नाखुशीने. पण हा देव म्हणजे अजून ख्रिस्ती देव नव्हता. हजार धर्मांचा प्रश्न तसाच होता.

१९३१ च्या त्या रात्री काय घडले?

१९ सप्टेंबर १९३१ ची रात्र. मॉडलिन कॉलेजच्या आवारात नदीकाठाने जाणारी अ‍ॅडिसन्स वॉक नावाची झाडीतली पायवाट आहे. तिथे लुईस, जे. आर. आर. टोल्किन आणि ह्यूगो डायसन असे तिघे फेऱ्या मारत बोलत होते. टोल्किन म्हणजे पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे, श्रद्धाळू कॅथलिक. टोल्किन पहाटे तीनच्या सुमारास घरी गेले, डायसन त्यानंतरही थांबले.

विषय होता पुराणकथा. लुईस यांना लहानपणापासून नॉर्स पुराणांचे वेड. बाल्डर हा देखणा देव मारला जातो, त्या कथेने त्यांना हुरहुर लागे. ग्रीकांचा अडोनिस, इजिप्तचा ओसायरिस याही मरणाऱ्या आणि पुन्हा उठणाऱ्या देवांच्या कथा. मग ख्रिस्ताची कथा त्याच माळेतला आणखी एक मणी नव्हे काय? टोल्किन यांनी हा युक्तिवाद उलटा फिरवला. इतर कथांमध्ये तुम्हाला अर्थ दिसतो, त्या हृदयाला भिडतात, हे तुम्ही नाकारत नाही. तर मग हीही कथा तशीच आहे, फरक एवढाच की ही प्रत्यक्ष घडली, एका रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीत, ठावठिकाण्यासह. बाकीच्या कथा म्हणजे माणसाच्या कल्पनेत पडलेले त्याच प्रकाशाचे कवडसे.

शाळकरी मुलाच्या प्रश्नाला अठरा-वीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते. एक धर्म खरा मानायचा तर बाकीचे शंभर टक्के खोटे ठरवावे लागत नाहीत. उलट नास्तिकालाच ते सगळे मुळातून खोटे मानावे लागतात. त्यानंतर नवव्या दिवशी लुईस भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून व्हिप्सनेडचे प्राणिसंग्रहालय बघायला निघाले. निघताना ख्रिस्त देवाचा पुत्र आहे हे त्यांना मान्य नव्हते, पोहोचेपर्यंत मान्य झालेले होते. वाटेत काही विशेष विचार केल्याचे त्यांना आठवत नव्हते. धर्मांतराच्या कथांना हवा असणारा विजेचा लखलखाट इथे नाही. असलाच तर इंजिनाचा आवाज आहे.

बीबीसीवरून त्यांनी काय सांगितले?

विद्यापीठातली हवा तेव्हा वेगळ्याच दिशेने वाहत होती. १९३६ मध्ये ए. जे. एयर या पंचविशीतल्या तत्त्वज्ञाचे ‘लँग्वेज, ट्रुथ अँड लॉजिक’ प्रसिद्ध झाले. चोरी वाईट आहे, असे म्हणणारा माणूस जगाविषयी काही सांगत नसतो, फक्त स्वतःची नापसंती व्यक्त करत असतो, असा त्यातला निष्कर्ष. हे विधान खरेही नाही आणि खोटेही नाही. वर्गात ही मांडणी मोठी चतुर वाटे. पण तीन वर्षांतच युद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश तरुणांना नाझींचे कृत्य अन्याय्य आहे म्हणून मरायला पाठवले जाऊ लागले. अन्याय हा शब्द जर केवळ नापसंतीचा उद्गार असेल, तर लंडन आणि बर्लिन यांच्यात फरक उरतो तो आवडीनिवडीचा.

बीबीसीच्या धार्मिक विभागाने लुईस यांना बोलावले आणि ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांची पंधरा-पंधरा मिनिटांची भाषणे प्रसारित झाली. पहिल्या मालिकेचा विषय होता योग्य आणि अयोग्य. सुरुवात बायबलपासून केली नाही, भांडणापासून केली. दोन माणसे भांडतात तेव्हा काय होते? एसटीत रुमाल टाकून जागा धरलेली असताना दुसरा येऊन बसला की जो वाद पेटतो, तो डोळ्यांसमोर आणावा. बसलेला माणूस असे म्हणत नाही की तुमचा नियम मला लागूच नाही. तो म्हणतो, रुमाल पडला होता, किंवा मला बरे नाही, किंवा बरोबर म्हातारी आई आहे. म्हणजे नियम दोघांनाही मान्य असतो. झगडा असतो तो सवलतीचा. हा दोघांच्याही डोक्यावर असलेला मापदंड आला कुठून, असा लुईस यांचा प्रश्न होता. हवाई हल्ल्यांच्या छायेत रेडिओला कान लावून बसलेल्या लोकांना तो कळला. पत्रांचा पाऊस पडला आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाला उत्तर देण्याचे ओझे त्यांनी जन्मभर वाहिले.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि ती त्या मापदंडाइतकीच महत्त्वाची आहे. हा नियम आपण स्वतःच पाळत नाही, हे त्यांनी लगेच पुढच्या वाक्यात कबूल केले. नियम ठाऊक असणे म्हणजे आपण नियमाच्या बाजूचे असणे नव्हे. पूर्ण सत्य आपल्या खिशात आहे अशा थाटात बोलणाऱ्या धर्मोपदेशकांपेक्षा हा आवाज म्हणूनच वेगळा ठरला. दुसऱ्या मालिकेची संहिता त्यांनी अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि रोमन कॅथलिक अशा चार धर्मगुरूंकडे तपासायला पाठवली, म्हणजे आपल्या पंथाचा रंग तीत उतरू नये. ही सारी भाषणे १९५२ मध्ये ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ या एका पुस्तकात आली.

धबधब्याचा वाद आणि मनुस्मृती

फेब्रुवारी १९४३ मध्ये डरहॅम विद्यापीठासाठी न्यूकॅसल येथे दिलेली तीन व्याख्याने म्हणजे त्यांचे छोटेखानी पुस्तक ‘द अबॉलिशन ऑफ मॅन’. त्याची सुरुवात एका शालेय पाठ्यपुस्तकाने होते. लेखकांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून लुईस यांनी पुस्तकाचे आणि त्यांचेही नाव बदलले. त्या पुस्तकात कवी कोलरिजची गोष्ट होती. धबधब्यासमोर दोन प्रवासी उभे असतात. एकाला तो भव्य-उदात्त वाटतो, दुसऱ्याला नुसताच छान. कोलरिजला पहिला शब्द योग्य वाटतो, दुसऱ्याची चीड येते. पाठ्यपुस्तकाचे लेखक मुलांना सांगतात की धबधबा उदात्त आहे असे म्हणणारा धबधब्याविषयी बोलतच नाही, तो स्वतःच्या भावनेविषयी बोलतो.

एवढ्याशा वाक्यावरून एवढा गदारोळ? लुईस यांचे म्हणणे, हो. मुलगा हे सिद्धांत म्हणून शिकत नाही, गृहीत म्हणून गिळतो. धबधबा उदात्त नाही, हे आज. शौर्य थोर नाही, क्रौर्य नीच नाही, हे उद्या. मग ज्यांच्या हाती सत्ता आणि विज्ञान असेल ते पुढच्या पिढीला हवे तसे घडवतील, आणि त्यांना थांबवणारे त्यांच्या स्वतःच्या लहरीपलीकडचे काहीच शिल्लक राहणार नाही. निसर्गावर माणसाचा विजय म्हणून ज्याचा उदोउदो होतो, तो काही माणसांचा इतर माणसांवरचा विजय ठरतो. हिटलरचे राज्य सुरू असताना हे सांगितले जात होते, पण बोट इंग्लंडमधल्या वर्गाकडे होते.

या पुस्तकात ते ख्रिस्ती धर्माची वकिली करत नाहीत. सर्व संस्कृतींना मान्य असलेल्या नैतिक पायाला त्यांनी चिनी परंपरेतला ‘ताओ’ हा शब्द वापरला आणि शेवटी एक यादी जोडली. तीत इजिप्त, बॅबिलोन, ग्रीस, रोम, चीन, नॉर्स आणि यहुदी परंपरांबरोबर हिंदू वचनेही आहेत. एका फ्रेंच ग्रंथाच्या मार्गाने आलेली, आणि त्यात चक्क मनुस्मृतीचा उल्लेख.

मराठी वाचक इथे अडखळणारच. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या ग्रंथाचे दहन झाले, तो सार्वत्रिक नीतीचा साक्षीदार कसा? लुईस यांनी त्यातली दयेची, सौम्यतेची वचने वेचली, विषमता वगळली. अशी वेचक यादी कुठल्याही परंपरेची करता येते आणि तिच्यातून सगळे एकच सांगतात असे भासवता येते. त्यांच्या मांडणीतली ही खरीच कच्ची जागा आहे. तरीही याच उदाहरणात त्यांच्या बाजूने जाणारे काहीतरी आहे. महाडचा प्रसंग म्हणजे दोन समान दर्जाच्या पसंतींची टक्कर नव्हती. परंपरेहून वरचा, सर्व माणसांना लागू असलेला न्यायाचा मापदंड तिथे पुढे केला गेला होता. ज्याचे त्याचे सत्य मानले, तर मनूचे सत्य मनूला आणि महाडचे महाडला, एवढेच म्हणून थांबावे लागेल. असे थांबणे सोसते ते वरच्या पायरीवर बसलेल्याला.

वादात ते हरले का?

ऑक्सफर्डमध्ये सॉक्रेटिक क्लब नावाचे एक व्यासपीठ होते. श्रद्धावंत आणि नास्तिक यांनी समोरासमोर वाद घालावा यासाठीच ते स्थापन झालेले, आणि लुईस त्याचे अध्यक्ष. निसर्गाखेरीज काहीच नाही असे मानले तर आपला विचारही निसर्गाची एक आंधळी हालचाल ठरतो, मग त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, असा युक्तिवाद त्यांनी १९४७ च्या ‘मिरॅकल्स’ या पुस्तकात केला होता. २ फेब्रुवारी १९४८ रोजी अठ्ठावीस वर्षांच्या एलिझाबेथ अ‍ॅन्सकम यांनी तो सर्वांसमक्ष उसवला. अतार्किक कारण आणि तर्काशी संबंध नसलेले कारण यांत लुईस यांनी गल्लत केली आहे, हा त्यांचा मुद्दा. लुईस खचले, असे त्यांचे काही मित्र सांगत. अ‍ॅन्सकम यांना मात्र ती एक साधी, गंभीर चर्चा म्हणून आठवत होती. लुईस यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि १९६० च्या आवृत्तीत ते बदललेल्या रूपात आले.

या प्रसंगात मजेचा भाग हा की अ‍ॅन्सकम नास्तिक नव्हत्या. विटगेनस्टाइन यांची ही विद्यार्थिनी निष्ठावंत कॅथलिक होती. निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे म्हणून कच्चा युक्तिवाद चालवून घ्यायचा नाही, ही त्यांची शिस्त. १९५६ मध्ये ऑक्सफर्डने हॅरी ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचे ठरवले, तेव्हा उघड विरोध करायला उभ्या राहिलेल्या मोजक्यांत त्या होत्या. हिरोशिमा आणि नागासाकीत निरपराधांना ठार मारून युद्ध लवकर संपवले गेले असेल, तरी ती हत्याच, परिणाम काहीही असोत. पदवी दिली गेलीच. निरपेक्ष सत्य मानण्याची किंमत काय आणि ते मानणारे लोक आपल्याच बाजूच्या विजेत्यांना काय सुनावू शकतात, याचे हे उदाहरण लुईस यांच्या कोणत्याही भाषणाहून बोलके आहे.

टीका आणखीही आहे. येशू स्वतःला देव म्हणवत असेल तर तो एक तर वेडा, नाहीतर भोंदू, नाहीतर खरोखर देव, हा त्यांचा प्रसिद्ध त्रिकोण बायबलच्या अभ्यासकांना फार सोपा वाटतो. शुभवर्तमानातली वचने कशी घडत गेली हा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो. कुटुंबात नवऱ्याचा शब्द अखेरचा, हेही त्यांनी ख्रिस्ती सत्याचा भाग म्हणून सांगितले. काळाच्या सवयीला सनातन सत्य समजण्याची चूक त्यांच्याही हातून झाली, हे आज त्यांचे चाहतेही मान्य करतात.

इतर धर्मीयांचे काय?

‘नार्निया’ मालिकेतले शेवटचे, १९५६ चे ‘द लास्ट बॅटल’ हे पुस्तक या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. नार्नियाचा देव अस्लान हा सिंह. शेजारच्या कॅलोर्मेन देशाचा देव टाश. कॅलोर्मेनचे लोक सावळे, फेटेवाले, क्रूर दाखवले आहेत आणि पूर्वेकडच्या माणसांविषयीचा पाश्चात्त्य पूर्वग्रह त्यातून डोकावतो, ही टीका रास्तच आहे. गोष्टीत एक लबाड माकड सत्ता बळकावते आणि टाश व अस्लान हे एकच, असे जाहीर करते. सर्वधर्म एकच हे वाक्य लुईस यांनी भोंदूच्या तोंडी घातले आहे. कारण उघड आहे, माकडाला ना टाशशी देणेघेणे, ना अस्लानशी.

पण त्याच पुस्तकात एमेथ नावाचा एक कॅलोर्मेनी शिपाई आहे. त्याने आयुष्यभर मनापासून टाशची भक्ती केली. जगाच्या अंती त्याची अस्लानशी गाठ पडते आणि शिक्षेऐवजी स्वागत होते. त्याची प्रामाणिक सेवा अस्लानने स्वतःच्या खात्यावर घेतलेली असते. एमेथ या हिब्रू शब्दाचा अर्थ सत्य. कडव्या ख्रिस्ती वाचकांना ही जागा आजही बोचते. देव एकच नाहीत, पण शोधणारा प्रामाणिक असेल तर तो रिकाम्या हाताने परतत नाही, असे हे दुहेरी उत्तर आहे.

हिंदू धर्माविषयी त्यांचे मत १९४५ च्या एका व्याख्यानात सापडते. विचारात घेण्याजोगे पर्याय त्यांच्या लेखी दोनच, ख्रिस्ती आणि हिंदू. हिंदू धर्मात गूढ कर्मकांड आहे आणि स्वच्छ तत्त्वज्ञानही, पण ही दोन अंगे वेगवेगळ्या माणसांत राहतात, अरण्यातल्या ऋषीत एक आणि देवळातल्या गर्दीत दुसरे, असा त्यांचा आक्षेप. या मांडणीत वारकरी संप्रदाय कुठेच दिसत नाही. ‘अमृतानुभव’ लिहिणाऱ्या ज्ञानेश्वरांची पालखी खांद्यावर घेऊन शेतकरी पंढरीला चालत जातो, ही गोष्ट त्यांच्या वर्गीकरणात बसवणे अवघड गेले असते.

त्यांचे ‘सरप्राइज्ड बाय जॉय’ हे १९५५ चे आत्मचरित्र ज्यांना अर्पण केले आहे ते बीड ग्रिफिथ्स हे त्यांचे मॉडलिनमधले विद्यार्थी. दोघे साधारण एकाच काळात श्रद्धेकडे आले. ग्रिफिथ्स बेनेडिक्टाइन संन्यासी झाले आणि त्याच १९५५ साली भारतात आले. पुढे १९६८ पासून तमिळनाडूत कावेरीकाठच्या शांतिवनम आश्रमात भगवी वस्त्रे घालून, उपनिषदांच्या सोबतीने त्यांनी ख्रिस्ती साधना केली. गुरू-शिष्य एकाच ठिकाणाहून निघाले. एकाने सीमारेषा जपली, दुसऱ्याने ती ओलांडून पाहिली.

शेवटची वर्षे

ऑक्सफर्डने त्यांना प्राध्यापकपदाचे आसन कधीच दिले नाही. विद्वानाने रेडिओवर धर्म सांगावा आणि मुलांसाठी परीकथा लिहाव्यात, हे काही सहकाऱ्यांना खपत नव्हते. १९५४ मध्ये केंब्रिजने ते आसन दिले.

१९५६ मध्ये जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेशी त्यांनी नोंदणी विवाह केला. जन्माने ज्यू, पूर्वी कम्युनिस्ट, घटस्फोटित, दोन मुलांची आई. हा विवाह तिला इंग्लंडमध्ये राहता यावे म्हणून, कागदापुरता होता. काही महिन्यांत तिला हाडांचा कर्करोग असल्याचे कळले, आणि मार्च १९५७ मध्ये रुग्णालयातल्या खाटेशेजारी ख्रिस्ती विधीने पुन्हा लग्न लागले. तिला मध्ये उतार पडला. पण १३ जुलै १९६० रोजी ती गेली.

त्यानंतर लुईस यांनी वह्यांमध्ये जे लिहिले ते ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ या नावाने १९६१ मध्ये आले, तेही एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने. देव नाही असे वाटण्याची भीती त्यांना नव्हती. देव आहे, पण तो असा क्रूर आहे, हे मानावे लागण्याची भीती होती. आयुष्यभर ते सांगत आले होते की ख्रिस्ती धर्म दिलासा देतो म्हणून मानू नका, खरा असेल तरच माना. आता दिलासा उरला नव्हता आणि प्रश्न फक्त खरे-खोट्याचा होता. पुस्तकात शंका पुसलेल्या नाहीत, जशा आल्या तशा ठेवल्या आहेत. शेवटाकडे श्रद्धा परतते, पण ती पूर्वीच्या भाषणांतल्यासारखी खणखणीत नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी, पासष्टावा वाढदिवस आठवड्यावर आलेला असताना, ऑक्सफर्डजवळच्या राहत्या घरी लुईस यांचे निधन झाले. त्याच दिवशी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि जगभरच्या पहिल्या पानांवर दुसऱ्या कशालाही जागा उरली नाही. लॉस एंजेलिसमध्ये आल्डस हक्स्ले गेले तेही त्याच दिवशी. सर्व धर्मांचा गाभा एकच, असे ‘द पेरेनियल फिलॉसॉफी’ या १९४५ च्या ग्रंथात मांडणारे हक्स्ले आणि त्याला आयुष्यभर हरकत घेणारे लुईस, दोघांच्याही मृत्यूची बातमी आतल्या पानांत गेली. चार दिवसांनी हेडिंग्टन क्वारीच्या छोट्या चर्चमध्ये मोजक्या मित्रांच्या उपस्थितीत लुईस यांना दफन करण्यात आले. भाऊ वॉरन दुःखाने इतका कोलमडला होता की तो अंत्यविधीला येऊ शकला नाही.